डिस्लेक्सियाची तपासणी खासगीत केली, तर दहावीत सवलत मिळते का?

समजा, मुलगा चौथीत आहे. गोष्ट सांगायला लावली तर रंगवून सांगतो, तोंडी हिशेब झटपट करतो. पण धडा वाचायला उभा केला की अडखळतो, ओळ सुटते, 'घर'चं 'धर' होतं. बाई म्हणतात लक्ष नाही. आजी म्हणते, ह्याचा बाप पण असाच होता, येईल हळूहळू. क्लासवाले सर म्हणतात, अजून एक तास वाढवू. मग कधीतरी रात्री रील बघताना आईला डिस्लेक्सिया हा शब्द दिसतो. 'तारे जमीन पर' २००७ मध्येच येऊन गेला, त्यामुळे शब्द नवीन नसतो. तो आपल्या घरातही असू शकतो, हे मात्र नवीन असतं.

इथून प्रश्न सुरू होतात. अहिल्यानगरमध्ये, म्हणजे आपल्या नगरमध्ये, याची तपासणी कुठे होते? खासगीत केली तर चालते का?

चालते. पण तपासणीतून मिळतो तो रिपोर्ट, आणि परीक्षेत सवलतीसाठी लागतं ते प्रमाणपत्र. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक बऱ्याच पालकांना दहावीच्या वर्षी कळतो आणि तेव्हा हातात वेळ नसतो.

रिपोर्ट वेगळा, प्रमाणपत्र वेगळं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' हा त्यातला एक. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली अडचण, डिसग्राफिया म्हणजे लेखनातली आणि डिसकॅल्क्युलिया म्हणजे गणितातली. हे सगळं त्यात येतं. या कायद्याखालचं प्रमाणपत्र सरकारने नेमलेला वैद्यकीय प्राधिकारीच देऊ शकतो. खासगी मानसशास्त्रज्ञ कितीही अनुभवी असला तरी त्याच्या सहीवर हे प्रमाणपत्र मिळत नाही.

मग खासगी रिपोर्टवर पैसे का घालवायचे? कारण मूल नेमकं कुठे अडतंय, हे चांगल्या रिपोर्टमधून कळतं. शिकवणी कशी बदलायची, वर्गात कुठे बसवायचं, घरी काय थांबवायचं, हे त्यावरून ठरतं. प्रमाणपत्राने परीक्षेत जादा वेळ मिळेल, वाचायला कसं शिकवायचं ते त्यात लिहिलेलं नसतं. शिवाय सरकारी रांग लांब असेल, तर तोवर मुलाचं काम सुरू करता येतं.

तपासणीत नेमकं काय होतं?

सगळ्यात आधी डोळे आणि कान. ऐकायला विचित्र वाटेल, पण फळा नीट न दिसणारं मूल आणि डिस्लेक्सिया असलेलं मूल वहीत साधारण सारख्याच चुका करू शकतं. ते झालं की बालरोगतज्ज्ञ मज्जासंस्थेच्या दृष्टीने मुलाला तपासतात.

मग बुद्ध्यांक चाचणी. इथे पालक सर्वांत जास्त घाबरतात, आणि खरं तर उलट व्हायला हवं. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेच्या पुढच्या चाचण्या होतात. म्हणजे 'बुद्धी ठीक आहे, तरी वाचता येत नाही' हेच इथे तपासायचं असतं. यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन जुन्या चाचण्यांचं नातं आपल्या भागाशी आहे. बिने-कामत चाचणी धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, तर मालिन यांची चाचणी नागपुरात तयार झाली.

शेवटी वाचन, लेखन, शुद्धलेखन, आकलन आणि गणित यांच्या चाचण्या. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच यासाठी जास्त वापरला जातो. सूचनांप्रमाणे तिसरी किंवा वयाची आठ वर्षं, ही प्रमाणपत्रासाठीची सुरुवात. त्याआधी कुणी सहा वर्षांच्या मुलावर ठाम शिक्का मारत असेल, तर सावध व्हा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूल मराठी माध्यमात असेल तर चाचणी मराठीत व्हायला हवी. इंटरनेटवर डिस्लेक्सिया शोधला की इंग्रजी 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल सांगतात. आपल्या मुलांचं अडतं वेगळ्या ठिकाणी. घ-ध, भ-म, ब-व, जोडाक्षरं, रफार. पहिल्या वेलांटीचं बघा. लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. (ऱ्हस्व-दीर्घावरून मात्र निदान करू नका, त्यात आम्ही पत्रकार मंडळीही नापास होऊ.) मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचा संच आणला, तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीसोबत मराठीतही आहे. त्यात शिक्षकांना वर्गातच प्राथमिक पडताळणी करता येईल असा भागही आहे. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: वाचनाची चाचणी कोणत्या भाषेत घेता?

दुसरा प्रश्न: चाचणी घेणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येते. तिसरा: फीमध्ये लेखी रिपोर्ट आणि नंतरची चर्चा धरली आहे का? आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारी 'डीएमआयटी' कुणी पुढे केली, तर तिथून उठा. तिला शास्त्रीय आधार नाही.

नगर जिल्ह्यात सुरुवात कुठून?

जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, तालुके १४. अकोलेकरांना नाशिक सोयीचं, श्रीगोंदा-पारनेरला पुणे. त्यामुळे एकच पत्ता सगळ्यांना सांगून उपयोग नाही. लोणीचं प्रवरा आणि विळद घाटातलं विखे पाटील, ही दोन खासगी वैद्यकीय महाविद्यालयं जिल्ह्यातच आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि मनोविकार विभाग असतातच, त्यामुळे पुण्याची गाडी पकडण्याआधी तिथे फोन करून या चाचण्या होतात का ते विचारा.

सरकारी बाजूने, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते १८ वयोगटाची मोफत तपासणी होते आणि त्याच्या यादीत अध्ययनातली अडचणही आहे. (हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला होता.) पुढचं काम जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे असतं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटायला पैसे लागत नाहीत.

प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करायचा. पण त्याआधी जिल्हा रुग्णालयात विचारा, की अध्ययन अक्षमतेची तपासणी इथे होते की दुसरीकडे पाठवतात. जाताना खासगी रिपोर्ट, जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि शाळेचं पत्र न्या. तिथे चाचण्या पुन्हा घेतल्या तर चिडू नका, प्रक्रियाच तशी आहे. २०१८ च्या सूचनांत १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी होती. मार्च २०२४ मध्ये या सूचना सुधारल्या, त्यामुळे सध्याचा नियम तिथेच विचारून घ्या.

दहावीचा सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जातो. म्हणून आठवीतच या कामाला लागा. जादा वेळ साधारण तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. वाचायला दुप्पट वेळ लागणाऱ्या मुलासाठी हा तास छोटा नाही.

मोठ्यांचं काय?

तिशीत पोहोचल्यावर 'अरे, मला हेच होतं' असं वाटणारे खूप जण भेटतात, बहुतेकदा मुलाच्या तपासणीच्या खोलीत. खासगी तपासणी मोठ्यांचीही होते, पण निम्हान्सचा संच मुळात लहान मुलांसाठी आहे. त्यामुळे प्रौढांच्या चाचणीचा अनुभव आहे का, हे आधी विचारा. नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. लेखनिकाचं तसं नाही. लेखन करताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की ४० टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक निकाल आला. डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला प्रमाणपत्र असूनही नीटच्या केंद्रावर जादा तास दिला नव्हता. न्यायालयाने चूक मान्य केली, पण फेरपरीक्षा दिली नाही. म्हणून प्रवेशपत्र आलं की केंद्रावर आधीच जाऊन जादा वेळेची नोंद त्यांच्याकडे आहे का, ते बघून या. प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स सोबत ठेवा.