कंपवात ओळखायला सोनोग्राफी

गोंदियाकडे विडी वळणारे हात गावोगावी पाहिलेले असतात. कंपवाताच्या रुग्णाचा मांडीवर निवांत ठेवलेला हात बघा: अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी फिरत असतात, जणू पान-तंबाखू नसतानाही विडी वळणं चालूच आहे. चालताना एक हात हलेनासा होतो, सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो, सही बारीक होत जाते. घरचे म्हणतात, वय झालं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं. दोनशे वर्षं उलटली, तरी निदान मुख्यतः डॉक्टरच्या नजरेनं आणि हातानंच होतं. सीटी किंवा साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. तो काढतात ते गाठ, पक्षाघात असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. धानाच्या पैशातून नागपूर गाठून तपासणी केलेलं घर ‘सगळं नॉर्मल’ ऐकून निश्चिंत होतं आणि हात मात्र थरथरतच राहतो.

मेंदूची सोनोग्राफी म्हटलं की लोक चमकतात, कारण कवटीचं हाड ध्वनिलहरी अडवतं. पण कानाच्या जरा पुढे, कानशिलावर, हाड पातळ असतं. तिथे जेल लावून हृदयाच्या टूडी इकोला लागतो तसला, दोन-अडीच मेगाहर्ट्‌झचा प्रोब टेकवतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. पडद्यावर मध्यमेंदू गडद, फुलपाखराच्या आकाराचा दिसतो. त्यातच सबस्टॅन्शिया नायग्रा हा भाग असतो. तिथल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कंपवातात मरत जातात. १९९५ साली जर्मनीतल्या व्युर्झबर्गच्या गेऑर्ग बेकर यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की अनेक रुग्णांमध्ये हा भाग नेहमीपेक्षा उजळ दिसतो. एमआरआयला न दिसणारं सोनोग्राफीला दिसतं, यावर सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसेना. पुढे इतर ठिकाणीही तेच आढळलं. उजळ भागाची कड पडद्यावर आखून क्षेत्रफळ मोजतात. यंत्रागणिक फरक पडतो, पण साधारण ०.२० चौरस सेंटीमीटरच्या वर गेलं की ते वाढलेलं धरतात. दहातल्या सुमारे नऊ रुग्णांत ते वाढलेलं असतं. तिथे साठणाऱ्या लोहाशी याचा संबंध जोडला जातो.

मात्र दहातल्या एखाद्या निरोगी माणसातही तो उजळपणा सापडतो, म्हणून नुसत्या चित्रावर गोळ्या सुरू करता येत नाहीत. आजार वाढला म्हणून उजळपणा वाढत नाही. शिवाय काहींचं, विशेषतः वयस्क बायकांचं, कानशिलाचं हाड जाड असतं आणि पडद्यावर काहीच नीट उमटत नाही.

मला या तपासणीचा खरा उपयोग वाटतो तो औषधांमुळे आलेल्या कंपात. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, पोट फुगतं म्हणून लेव्होसल्पिराइड. या गोळ्या आपल्याकडे महिनोन्‌महिने चालू राहतात आणि त्यांतून हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं उद्भवू शकतात. अशा रुग्णात तो भाग बहुधा उजळ नसतो. मग नवं औषध देण्याआधी जुनं थांबवायचा विचार होतो. हे फार मोलाचं आहे.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेंदूविकारतज्ज्ञासाठी मात्र अजूनही लोक सुमारे १३० किलोमीटरवरचं नागपूर गाठतात. इकोचं यंत्र महागड्या स्कॅनरपेक्षा सहज मिळतं. अडतं ते शिकलेल्या हातापाशी, कारण या तपासणीत सगळी भिस्त करणाऱ्याच्या सरावावर आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे आणि ते मनाला येईल तसं गावोगाव नेता येत नाही. तो कायदा हवाच. त्याच्या चौकटीत राहून जिल्ह्यातल्या एखाद्या डॉक्टरला हे शिकवता येईल आणि ते व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर एवढं करा: हात थरथरणाऱ्या माणसाला तपासायला नेताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरसमोर ठेवा आणि चालू गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.