बिनधुराची चिलीम

गेल्या पंधरवड्यात आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले होते. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी ते उठेनात. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून एक फोटो पुढे केला. फोटोत टीपॉयवर चहाच्या कपाशेजारी शाईच्या पेनाएवढी एक चपटी कांडी पडलेली होती. सर आणि वहिनी तीन महिने टोरांटोला मुलाकडे राहून आले. तिथले हे चित्र. मुलगा सांगत होता, "बाबा, ही सिगारेट नाही. यात धूर नाही, रसायन नाही, शुद्ध अर्क आहे. तुमच्या गुडघ्यालासुद्धा बरे वाटेल." घरात दोन वर्षांची नात आहे. सरांच्या हृदयात स्टेंट आहे. त्यांचा प्रश्न एवढाच होता : यातले खरे किती?

वाचकहो, आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांतली मुले आज कॅनडा-अमेरिकेत आहेत. तेव्हा हा प्रश्न एकट्या सरांचा नाही.

प्रथम ही वस्तू काय ते पाहू. तिला व्हेप म्हणतात. आत एक लहान लिथियम बॅटरी, थोडेसे दाट तेल आणि ते तापवणारी बारीक तार किंवा चिनी मातीचा तुकडा असतो. तोंडाने ओढले की तार तापते, तेलाचे सूक्ष्म तुषार होतात आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. तेल संपले की कांडी टाकून द्यायची. हे तेल म्हणजे गांजाचा अर्क. तो काढण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत ब्युटेन वायू किंवा अल्कोहोल यांत झाडाची राळ विरघळवतात आणि नंतर ते विद्रावक उडवून लावतात. दुसरीत बर्फाच्या पाण्यात फुले ढवळून राळेचे कण गाळून घेतात, किंवा गरम पट्ट्यांमध्ये दाबून राळ पिळून काढतात. दाबून काढलेल्या या अर्काला तिकडे रोझिन म्हणतात. हिमाचलात झाड तळहातांवर चोळून चरस काढतात, तीही बिनविद्रावकाचीच पद्धत. नाव नवे, जिन्नस जुनाच.

मुलाचे म्हणणे निम्मे खरे आहे. रोझिनमध्ये ब्युटेनचा अंश राहण्याची भीती नसते. परंतु विद्रावक नाही म्हणजे अपाय नाही, हा हिशेब चुकीचा. नशा आणणारे टी.एच.सी. हे द्रव्य १९९०च्या दशकात अमेरिकेत पकडलेल्या गांजात साधारण चार टक्के असे. या अर्कांत ते साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात असते. पाणी घातलेले ताक आणि लोण्याचा गोळा यांत जो फरक, तोच इथे. दोन झुरके ओढून काही वाटले नाही म्हणून आणखी चार ओढावेत, तर पाच-दहा मिनिटांत छातीत धडधड, घबराट, भ्रम असा प्रकार होतो. ज्यांच्या घराण्यात मानसिक आजार आहे त्यांच्यात हे भ्रम टिकूनही राहू शकतात. रोज ओढणाऱ्या काहींना पुन्हा पुन्हा उलट्यांचा विकार जडतो. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तेवढ्यापुरते बरे वाटणे ही त्याची खूण. २००४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी तो प्रथम नोंदवला. रुग्ण पोटाच्या तपासण्या करत फिरतो आणि गांजा ओढतो हे सांगत नाही.

फुप्फुसाचे काय? २०१९ साली अमेरिकेत धडधाकट तरुण धाप लागून अचानक रुग्णालयात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाल्याची व त्यांतील ६८ दगावल्याची नोंद झाली. बहुतेकांनी गांजाचे व्हेप ओढले होते, पुष्कळांनी चोरट्या बाजारातले. तेल दाट दिसावे म्हणून त्यात ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट मिसळलेले होते. एका तपासणीत ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातील द्रवात ते सापडले. हेच द्रव्य क्रीममध्ये त्वचेला चालते. ते फुप्फुसात जावे असे नव्हे. भेसळ नसली तरी प्रश्न उरतोच. तार फार तापली तर गांजाला वास देणारी द्रव्ये मोडून त्यांतून बेन्झीनसारखे विषारी पदार्थ निघतात, आणि अशा उपकरणांच्या तुषारांत निकेल, क्रोमियम, शिसे यांचे कणही आढळले आहेत.

मुलगा ऐकणार नाही, असे सर म्हणाले. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि मुलगा चाळिशीचा आहे. आपण रागावून काय होणार? मग निदान या गोष्टी त्याने पाळाव्यात. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे आणि खोक्यावरचा टी.एच.सी.चा आकडा वाचावा. थंडीत हे तेल थिजलेल्या तुपासारखे होते आणि नळी तुंबते. तेव्हा जोर लावून ओढू नये, तेल तोंडात येते. टाचणी घालू नये, लायटरवर तर मुळीच धरू नये, आत लिथियम आहे. कांडी काही मिनिटे मुठीत धरली की तेल सैल होते. करपल्यासारखी चव आली की ती संपली असे समजावे. तळाचे तेल काढण्यासाठी फोडू नये. चार्जिंगची सोय असेल तर रात्रभर लावून झोपू नये, आणि उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये. बॅटरी फुगली, गरम लागली, तर वापर तिथेच थांबवावा. रिकामी कांडी घरच्या कचऱ्यात टाकली तर कचऱ्याच्या गाडीत चिरडून पेट घेऊ शकते, म्हणून ती बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर द्यावी. ओढल्यावर निदान त्या दिवशी स्टेअरिंगला हात लावू नये.

पण मला खरी काळजी वाटली ती टीपॉयची. दोन वर्षांचे मूल हाताला येईल ते तोंडात घालते. इतक्या कडक अर्काचा थोडासा अंशही त्याला पुरतो. मूल पेंगुळते, चालताना झोकांड्या जातात, उलट्या होतात, कधी श्वास मंदावतो. अशा वेळी "झोप आली असेल" म्हणून पाळण्यात घालू नये, उलटी करवू नये. थेट रुग्णालयात न्यावे आणि काय गेले ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. माहिती लपवली की मेंदूज्वर समजून पाठीतून पाणी काढण्यापर्यंत तपासण्या होतात. कांडी मूळ खोक्यातच, कुलूप लावून, उंचावर ठेवायची. हे आजोबांनी सांगितले तर मुलगा ऐकेल, असे मला वाटते.

गुडघ्याबद्दल मी सरांना स्पष्ट नाही म्हटले. टी.एच.सी.ने नाडी जलद होते, उठताना रक्तदाब एकदम उतरतो. स्टेंटच्या रुग्णाला यातले काहीच मानवत नाही, आणि घेरी येऊन पडल्यास खुब्याचे हाड मोडायचे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आयुर्वेदात विजया आहे, हे सरांनी आठवणीने सांगितले. आहे, पण ती वैद्य शोधन करून, मापाने, पोटात देतात, फुप्फुसात नव्हे.

आता राहिला दिवाळीचा प्रश्न. मुलगा सुटीला येतो आहे. ही कांडी बॅगेत आली तर दोन कायदे मोडतात. २०१९ पासून आपल्याकडे व्हेपची आयात, विक्री व साठवणूक यांवर बंदी आहे, मग आत निकोटीन असो वा नसो. शिवाय १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात चरसाच्या व्याख्येत असे घट्ट अर्कही येतात. १०० ग्रॅमपर्यंतचे चरस अल्प प्रमाण धरतात, म्हणजे शिक्षा कमी. गुन्हा नाही असे नव्हे. गांजा देशाबाहेर नेणे खुद्द कॅनडाच्या कायद्यातही गुन्हाच आहे. तिथल्या दुकानाची पावती मुंबईच्या विमानतळावर उपयोगाची नाही.

आपल्या घरात कुणाला सोडायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहेत. ओढणे थांबवल्यावर आठ-दहा दिवस चिडचिड, झोप न लागणे, भूक मंदावणे हे व्हायचेच; त्याला घाबरू नये. धाप, ताप आणि छातीत दुखणे मात्र अंगावर काढू नये.

सरांनी सगळे वहीत लिहून घेतले. कुलपाची गोष्ट त्यांनी दवाखान्याच्या ओट्यावर बसूनच मुलाला फोन करून सांगितली. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती.