वाणसामान – लेखांक ४ : पावशेराचा भाव

गेल्या आठवड्याचा भाग एका प्रश्नापाशी थांबला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांवर आला, खाद्यपदार्थांचा दर तर शून्याच्याही पाच टक्के खाली गेला. मग घर चालवणाऱ्या बाईला हायसं का वाटलं नाही?

उत्तराचा पहिला भाग हिशेबाचा आहे. हा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्क्यांनी चढल्या होत्या. ज्या भाजीला १०० रुपये पडत, तिला १४२ पडू लागले. पुढच्या वर्षी त्या साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या, म्हणजे १०३च्या आसपास आल्या. दोन वर्षांपूर्वी होत्या जवळपास तिथेच. मधल्या काळात जादा गेलेले पैसे कुणी परत केले नाहीत आणि त्या काळात वाण्याच्या वहीत चढलेली उधारी आकडा उतरला म्हणून उतरली नाही. शिवाय त्याच ऑक्टोबरात तेल चढंच होतं, आणि फोडणी तर रोजच लागते.

उत्तराचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आजचा लेख त्याच्यासाठीच आहे. निर्देशांक सरासरी भाव धरतो. प्रत्यक्ष बाजारात एका वस्तूला एकच भाव कधी नसतो. किती घेता, कधी घेता आणि रोखीनं घेता की वहीवर, यावर तो ठरतो.

कुठल्याही कामगार वस्तीतल्या किराणा दुकानासमोर संध्याकाळी सात वाजता उभं राहावं. बांधकामावरून, घरकामांवरून परतलेली माणसं हातातल्या दिवसाच्या मजुरीतून रात्रीचं आणि सकाळचं सामान नेत असतात. पावशेर तूरडाळ, दहाची साखर, पाचची चहापूड, पन्नास ग्रॅम खोबरं, दोन अंडी. आता हिशेब करून पाहू. समजा, पाच किलो डाळ एकदम घेणाऱ्याला ती १२५ रुपये किलोनं पडते. पावशेर घेणाऱ्याला दुकानदार ३६ रुपये सांगतो. म्हणजे किलोला १४४. एकाच दुकानात, एकाच पोत्यातली डाळ एकाला पंधरा टक्क्यांनी महाग. ही पंधरा टक्के महागाई कुठल्याही महिन्याच्या सरकारी पत्रकात दिसत नाही, कारण ती वर्षागणिक वाढत नाही. ती त्या घराला कायमचीच लागलेली आहे.

यात दुकानदाराची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. वीस गिऱ्हाइकांना पावशेर-पावशेर तोलून द्यायचं तर वेळ जातो, पिशव्या लागतात, तोलताना सांड-लवंड होते. त्याचं गणित त्याच्या जागी ठीक आहे. पण या व्यवहारात ज्याच्याकडे कमी त्यालाच जास्त मोजावे लागतात, एवढं मात्र खरं.

ज्याच्याकडे कमी, त्याच्या खर्चात अन्नाचा वाटाही मोठा असतो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यानं १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून हे मांडलं. आपल्याकडे २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात एकूण खर्चापैकी ४७ टक्के आणि शहरी भागात जवळपास ४० टक्के खर्च अन्नावर होतो असं आढळलं. हीसुद्धा सरासरीच. पावशेर डाळ नेणाऱ्या घरात हा वाटा याहून मोठा, गाडी लावून महिन्याचं सामान भरणाऱ्या घरात बराच लहान. तेलाच्या पिशवीमागे वीस रुपये वाढले तर दुसरं घर कुरकुरतं. पहिल्या घरात तेवढ्यासाठी दुसरी एखादी वस्तू यादीतून जाते.

महाराष्ट्रात महागाईशी झुंजायची सर्वांत जुनी रीत म्हणजे वर्षाचं भरणं. एप्रिल-मे महिन्यांत नवा गहू बाजारात येतो आणि त्याच वेळी भाव वर्षातला सगळ्यांत मवाळ असतो. लोकवन किंवा सिहोर गव्हाची पोती घ्यायची, उन्हं द्यायची, चाळून-निवडून घ्यायची, एरंडेल तेलाचा हात फिरवून पिंपात भरायची आणि वर कडुनिंबाचा पाला घालायचा. डाळींचंही तसंच. मिरच्यांची देठं काढून तिखट कांडून आणायचं, काळा मसाला करून ठेवायचा. पापड, कुरडया, सांडगे गच्चीवर वाळत पडायचे. पावसाळ्यात भाजी कडाडली की सांडग्यांची आमटी आणि भाकरी होई. कोकणात आणि कोळीवाड्यांत हीच तयारी आगोटीची म्हणून ओळखली जाते. सुकट, बोंबील, जवळा, आमसुलं, कांदे, तांदूळ यांची बेगमी पावसाआधी झालीच पाहिजे, कारण पुढे समुद्र खवळतो आणि आता तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदीच असते.

या रीतीकडे आपण हौस किंवा जुन्या पिढीची शिस्त म्हणून पाहतो. मला ती घरानं स्वतःसाठी उभारलेली साठवण-व्यवस्था वाटते. सरकार डाळी आणि कांद्याचा साठा करतं, भाव चढले की तो बाजारात सोडतं आणि २०१४-१५ पासून त्यासाठी भाव स्थिरीकरण निधी आहे. घरातलं पिंप तेच काम करत होतं. ऑगस्टमध्ये गव्हाचा भाव काय झाला, याची त्या घराला फिकीर नसे.

पण पिंप भरायला तीन गोष्टी लागतात. एप्रिलमध्ये हातात एकरकमी काही हजार रुपये, ठेवायला कोरडी जागा आणि उन्हात राबायला माणूस. ही तिसरी गोष्ट म्हणजे घरातल्या बायकांचे दोन महिन्यांचे कष्ट. ते कुणी कधी रुपयांत मोजले नाहीत, आणि आठ तास बाहेर नोकरी करून आलेल्या बाईकडून त्याची अपेक्षा धरणं रास्तही नाही. जागेचं म्हणाल तर मुंबई-ठाण्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांना झोपायला जागा पुरत नाही, तिथे पन्नास किलोचं पोतं कुठे ठेवायचं? आणि पैसा. ज्याला मजुरी रोजची किंवा आठवड्याची मिळते, त्याच्याकडे एप्रिलमध्ये वर्षाचा गहू घेण्याइतकी रक्कम एका वेळी जमणार कशी? गहू स्वस्त असतो तेव्हा तो घेऊ शकत नाही आणि महाग झाल्यावर घ्यायचं टाळू शकत नाही. काटकसरीचे सगळे सल्ले इथे येऊन अडतात. एकदम घ्या, हंगामात घ्या, मोठं पाकीट घ्या, लांबच्या मोठ्या दुकानातून घ्या, यातला प्रत्येक सल्ला आगाऊ पैसा मागतो. लांबच्या दुकानाला रिक्षाचं भाडं आणि बुडालेली दोन तासांची मजुरी वेगळीच.

राहिली उधारी. तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी बोललं पाहिजे. महिन्याच्या वीस तारखेनंतर हजारो घरांची चूल वहीवर चालते आणि बिनकागद, बिनतारण, लग्नकार्यात थांबणारं असं कर्ज दुसरं कुणी देत नाही. कोविडच्या टाळेबंदीत कित्येक वाण्यांनी थकलेली वही असतानाही सामान दिलं, हे विसरू नये. मात्र वहीवर घेणाऱ्याला भाव विचारायचा हक्क उरत नाही. पलीकडच्या दुकानात तेल दहा रुपयांनी स्वस्त असलं तरी इथली बाकी असताना तिकडे जाता येत नाही. व्याज वेगळं लावलेलं नसतं, ते भावात मुरलेलं असतं.

तेलाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण इथे सुशिक्षित घरंही फसतात. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणून १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असतं आणि १५ किलोच्या डब्यात पूर्ण १५ किलो. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. भाव विचारताना मात्र आपण ‘डब्याचा’ विचारतो. पिशव्यांचंही तेच झालंय. पूर्वी ठरावीक वस्तू ठरावीक वजनातच भरण्याचं बंधन होतं. ते उठल्यापासून ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, ७५० ग्रॅम अशा पिशव्या आल्या, आणि घेणारा त्यांना लिटरची पिशवी समजूनच घेतो. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांत तर किंमत जागची हलत नाही, आतला माल कमी होत जातो. यावर एक चांगला उपाय कायद्यात आला आहे. पाकिटावर आता एका ग्रॅमची, किलोची किंवा लिटरची किंमत छापावी लागते. बारीक अक्षरात, एमआरपीच्या आसपास ती असते. ती वाचायची सवय लावून घ्या, घरातल्या मुलांना वाचायला सांगा. दोन पिशव्यांतली खरी स्वस्त कुठली ते तिथेच कळतं.

एवढं सगळं करूनही पुरत नाही, तेव्हा घर ताटाकडे वळतं. क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. आधी फळं जातात, मग सुका मेवा आणि तूप, मग भाजी दोन वेळची एक वेळ होते. अंडी आणि मटण-मासळी रविवारपुरती उरते. डाळ बंद होत नाही, पातळ होते. तुरीच्या जागी मसूर येते, वरणाऐवजी पिठलं वाढतं, आमटीत पाणी वाढतं. पोट भरलेलं राहतं, कारण भात-भाकरी कमी होत नाही, आणि म्हणून बाहेरून काही बिघडलेलं दिसतही नाही. त्या पातळ आमटीतलाही घट्ट भाग नवऱ्याला आणि मुलांना जातो. शेवटी जेवणारी बाई काय खाते, हे घरातलं कुणी पाहत नाही आणि ती सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. या आकड्यामागे कारणं अनेक आहेत. पण महागाईच्या काळात घरातली पहिली कपात तिच्या ताटात होते. ‘गृहिणींनी कसं छान भागवलं’ असं कौतुक करताना हे भागवणं कुणाच्या जिवावर झालं, तेही लिहिलं गेलं पाहिजे.

रेशनचं धान्य इथे मोठा आधार आहे, आणि तो नाकारणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य गटातल्या माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तर मोफत. भात-चपातीचा प्रश्न त्यानं बऱ्याच अंशी सुटला. पण डाळ आणि तेल हे नेमके चढउताराचे पदार्थ त्यात नाहीत. महाराष्ट्रात २०२२च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिलं गेलं, ते सणापुरतं. तमिळनाडूत रेशनकार्डावर दरमहा एक किलो तूरडाळ ३० रुपयांत आणि एक लिटर पामतेल २५ रुपयांत मिळतं, कित्येक वर्षांपासून. जे चेन्नईत जमतं ते लातूर-अकोल्यात, जिथे तूर पिकते आणि डाळ भरडली जाते, तिथे का जमू नये, हा प्रश्न आपण आमदारांना विचारायला हवा.

विचारण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. १९७२च्या दुष्काळात मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त कृती समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रिया एकत्र आल्या आणि हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल आणि रेशनचं धान्य मिळालंच पाहिजे ही त्यांची मागणी होती. घराघरांत एकेकटीनं सोसायची गोष्ट त्यांनी चव्हाट्यावर आणली.

दुसरी परंपरा एकत्र खरेदीची. नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये सुरू केलेली ग्राहक सहकारी संस्था पुढे ‘अपना बाजार’ म्हणून वाढली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून, महिन्याची मागणी आधी नोंदवून घाऊक खरेदी करते. सामान एका घरी उतरतं आणि संघातले लोक तिथून वाटून नेतात. पावशेर घेणाऱ्याला पोत्याच्या भावाच्या जवळ नेणारी मला माहीत असलेली ही सर्वांत साधी रचना आहे. रोजंदारीच्या वस्तीत ती जशीच्या तशी चालणार नाही, कारण मागणीबरोबर पैसे आधी भरावे लागतात. तिथे बचत गट कामाला येऊ शकतो. गटाकडे शिल्लक असते, कर्जाचा हिशेब ठेवायची सवय असते. दहा-बारा घरांनी मिळून गटाच्या पैशातून एक पोतं तूरडाळ आणि दोन डबे तेल (किलोचे, लिटरचे नव्हेत) आणायचे, आठवड्याला लागेल तेवढं प्रत्येकीनं न्यायचं आणि रोजच्या मजुरीतून गटाला फेडायचं. तोलायला एक बरा काटा, लिहायला एक वही आणि उंदरांपासून जपलेली एक कोरडी खोली, मग ती समाजमंदिरातली का असेना, एवढ्यावर हे सुरू होतं. नगरपालिकांनी अशी खोली मोफत द्यावी, एवढी मागणी तरी प्रत्येक गटानं करायला हरकत नाही.

पुढच्या भागात तूरडाळ. २०१५च्या ऑक्टोबरात २०० रुपये किलोला गेलेली डाळ दीड वर्षानं पिकवणाऱ्याला हमीभावसुद्धा का देऊ शकली नाही, आणि मोझांबिक-म्यानमारहून येणाऱ्या जहाजांचा आपल्या आमटीशी काय संबंध, ते त्यात पाहू.