कडेवरून केबिनपर्यंत

विमान उडालं की त्याची चाकं पोटात दुमडून घ्यावी लागतात. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेले ब्रिटिश अभियंते ओवेन मॅक्लारेन पुढे निवृत्त झाले, आजोबा झाले. परदेशातून लेक नातवंडाला घेऊन आली तेव्हा तिची ती अवजड बाबागाडी त्यांना बघवेना. आयुष्यभर जी विद्या विमानाच्या चाकांना लावली, तीच त्यांनी बाबागाडीला लावली. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या, छत्रीसारखी मिटणारी घडी आणि वजन जेमतेम पावणेतीन किलो. १९६५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ मध्ये ही गाडी विकायला आली. आज कुठल्याही विमानतळावर आईबाप जी गाडी ढकलताना दिसतात, तिचं मूळ असं विमानातच आहे. गेल्या साठ वर्षांत ही गाडी लहान लहान होत गेली आणि विमानतळ मोठे मोठे होत गेले. त्या दोघांची गाठ कशी पडत गेली, त्याचा हा मागोवा.

मॅक्लारेनच्या आधीची बाबागाडी म्हणजे मोठाल्या तारांच्या चाकांवर ठेवलेला पाळणाच. १८७७ मध्ये लीड्स शहरात सुरू झालेल्या ‘सिल्व्हर क्रॉस’सारख्या कंपन्या ती बनवत. बागेत फिरवायला ती छान होती, पण आगगाडीतसुद्धा चढवणं कठीण, विमानाचं तर नावच नको. आपल्याकडे ती साहेबाच्या बंगल्यात, आयाच्या हाती दिसायची. मराठी घरात मूल कडेवर, खांद्यावर, नाहीतर साडीच्या झोळीत. रस्ते, जिने, गर्दी यांचा विचार केला तर त्यात काही मागासलेपण नव्हतं, सोय होती.

मॅक्लारेन यांनी पेटंटचा अर्ज केला त्याच १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांना तिथली दारं उघडली. पुण्या-मुंबईची, नागपूर-सांगलीची मुलं तिकडे गेली, संसार झाले, मुलं झाली. मग चार-पाच वर्षांनी बाळ आजी-आजोबांना दाखवायला आणायचं, ही प्रत्येक घराची मोठी मोहीम ठरली. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे पहिलं जम्बो विमान आलं आणि हा प्रवास थोडा आवाक्यात आला. त्या काळात बाबागाडी काउंटरवर बॅगांसोबत द्यायची आणि उतरल्यावर बॅगांसोबतच घ्यायची. मधलं सगळं अंतर मूल कडेवर. सांताक्रूझला ते फार जाणवत नसे, कारण चालायचंच किती! जाणवायचं ते लंडनला किंवा फ्रँकफर्टला, विमान बदलताना. दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट नसते, ते मांडीवरच. पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळाला तर आईचे हात तेवढे मोकळे. तो मिळावा म्हणून ओळखीपाळखी काढणारे आजोबा बऱ्याच कुटुंबांनी पाहिले असतील.

भारतात आल्यावर त्या परदेशी गाडीचं काय व्हायचं, हाही भाग सांगण्यासारखा आहे. दादर-परळच्या फुटपाथवर ती चार पावलं चालली की उंच कडा, उघडं गटार किंवा भाजीची टोपली आडवी यायची. दोन दिवसांत ती कोपऱ्यात जायची, आणि मुक्काम संपेपर्यंत बाळ मावशी, काकू, आत्या यांच्या कडेवरून खाली उतरायचंच नाही. परतताना मात्र गाडी पुन्हा विमानतळावर. सहारच्या बाहेर सोडायला आलेली वीस-पंचवीस मंडळी, नारळ, डोळ्यांत पाणी, आणि लोणच्याच्या बरण्यांनी जड झालेल्या बॅगांवर आडवी टाकलेली ती मिटलेली गाडी.

पुढे दोन गोष्टींनी चित्र बदललं. एक, सुरक्षा. दुसरी, अंतर.

डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ विमानाचं अपहरण झालं. त्यानंतर देशातल्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली, पहिला मान फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरचा. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्याच वर्षी टीएसए ही वेगळी यंत्रणा उभी राहिली. तेव्हापासून बाबागाडीचा नियम जगभर साधारण एकच: मूल बाहेर काढा, गाडी मिटा, क्ष-किरणाच्या पट्ट्यावर ठेवा. न मावणारी गाडी हाताने तपासतात. वाक्य सोपं आहे. करून बघावं ते झोपलेल्या मुलासकट.

भारतात त्यात आणखी एक पेच आहे. बायकांची तपासणी पडद्याआड, वेगळ्या रांगेत, पुरुषांची वेगळ्या. आई मुलाला घेऊन तिकडे गेली की गाडी, दुधाची पिशवी, लॅपटॉप, दोघांचे फोन आणि बाळाचे बूट यांचा धनी एकटा बाप. आई एकटीच प्रवास करत असेल तर गाडी मिटायला तिसरा हात कुठून आणायचा? अशा वेळी रांगेतला एखादा अनोळखी माणूस पुढे होतो, कधी ड्यूटीवरची महिला जवानच बाळ हातात घेते. नियमात न लिहिलेल्या या मदतीवरच ही व्यवस्था बरीचशी चालत आली आहे. बाळाने मात्र अनोळखी वर्दीला भ्यायचं की हसायचं, हे त्याच्या मर्जीवर.

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि पाण्याच्या बाटलीवर बंदी आली. बाळाच्या दुधाला सूट मिळाली, पण सुरुवातीच्या दिवसांत ते दूध आईबापांनी अधिकाऱ्यासमोर चाखून दाखवावं लागे. आपल्याकडचा छळ निराळा होता. हातातल्या प्रत्येक सामानाला कागदी टॅग आणि त्या टॅगवर सुरक्षा दलाचा शिक्का. बाबागाडीच्या टॅगवर शिक्का राहिला, हे नेमकं विमानाच्या दारात कळे, की परत धावा. एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर ही शिक्क्याची पद्धत बंद झाली, मग हळूहळू इतरत्र. ज्यांनी लहान मुलांसकट ती अनुभवली, त्यांना तो दिवस लक्षात असेल.

आता अंतराचं. २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू झाली, २००६ मध्ये इंडिगो. विमानप्रवास मध्यमवर्गाच्या हातात आला आणि गर्दीबरोबर इमारती वाढल्या. दुबईचं तिसरं टर्मिनल २००८ चं, दिल्लीचं २०१० चं, मुंबईचं नवं दुसरं टर्मिनल २०१४ चं. देखणं काम, भिंतीवर कलेचं संग्रहालय, मोराच्या पिसाऱ्याची आठवण देणारं छत. पण तपासणीपासून गेटपर्यंतची वाट अशी, की चार वर्षांच्या मुलाने निम्म्यात बसकण मारावी. बाबागाडी तान्ह्या बाळासाठी असते, असं वाटतं; विमानतळावर तिची खरी गरज दोन ते चार वर्षांच्या मुलाला. तान्हं बाळ छातीशी बांधता येतं. हे दुसरं पोर उचलायला जड, चालायला हळू आणि नेमकं सरकत्या जिन्याकडे पळणारं. सरकत्या जिन्यावर गाडी न्यायची नाही, म्हणून लिफ्टची रांग. आणि त्याच रांगेत व्हीलचेअरवरची आजी. नात गाडीत, आजी व्हीलचेअरमध्ये आणि मधली पिढी दोन्हीकडे धावणारी, हे दृश्य आता रोजचं आहे.

याच काळात एक चांगली प्रथा रुजली. बाबागाडी काउंटरवर देण्याऐवजी टॅग लावून विमानाच्या दारापर्यंत न्यायची, तिथे मिटून कर्मचाऱ्याच्या हाती द्यायची, तो ती खाली सामानाच्या कप्प्यात ठेवतो. बहुतेक कंपन्यांनी याचे पैसे लावले नाहीत. इंडिगोने विमानाला शिडीऐवजी उताराचे रॅम्प लावले, त्याचा फायदा व्हीलचेअरइतकाच बाबागाडीलाही झाला. सिंगापूरच्या चांगी आणि दुबईसारख्या विमानतळांनी आपल्याच गाड्या फुकट वापरायला ठेवल्या. सवलत मिळाली तशी गाड्याही फुगल्या. बाटलीधारक, खालची जाळी, मोठी चाकं, सगळं लटकवायला आकडे. मूल उचललं की मागच्या पिशव्यांच्या भाराने गाडी उलटी, हा प्रकार कुठल्याही गेटवर बघायला मिळतो. शेवटी अमेरिकन एअरलाइन्ससारख्या कंपनीने वीस पौंडांपेक्षा जड गाडी विमानाच्या दाराशी स्वीकारायची नाही, ती काउंटरवरच द्यायची, असा नियम घातला.

घडीच्या गाडीचा धोकाही याच काळात समोर आला. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची आवरणं देण्यात आली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं बिजागरीत सापडून तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. रांगेत, मागच्यांच्या नजरा पाठीवर घेऊन गाडी उघडणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: आधी मुलाचे हात कुठे आहेत ते बघायचं.

मग विमानात आपल्या डोक्यावरच्या कप्प्यातच मावेल अशी गाडी आली. फ्रान्सच्या बेबीझेन कंपनीची ‘योयो’ २०१२ मध्ये बाजारात आली. मिटल्यावर ५२ बाय ४४ बाय १८ सेंटिमीटर आणि वजन सुमारे सहा किलो. २०१४ मध्ये ‘पॉकिट’ या गाडीने ३० बाय १८ बाय ३५ सेंटिमीटरच्या घडीवर गिनीज विक्रम केला. मॅक्लारेनची गाडी छत्रीसारखी लांब मिटायची. या गाड्या मिटून पिशवीएवढ्या झाल्या. पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्या तरुण आईबापांत त्यांच्या स्वस्त आवृत्त्या झपाट्याने पसरल्या.

इथे एक हिशेब दुकानदार सांगत नाही. हातातल्या बॅगेसाठी आंतरराष्ट्रीय संघटना आयाटाने सुचवलेलं माप ५६ बाय ४५ बाय २५ सेंटिमीटर आहे, त्यात ‘योयो’ बसते. इंडिगोचं माप ५५ बाय ३५ बाय २५, त्यात ४४ सेंटिमीटर रुंदीची गाडी कागदावर बसत नाही. म्हणजे ‘केबिन साइज’ ही चिठ्ठी वाचून गाडी घेतली तरी गेटवरचा कर्मचारी ती खाली पाठवू शकतो, आणि तो चूक नसतो. विमान भरलेलं असेल तर कप्प्यात जागाच नसते. विकत घेण्याआधी आपण ज्या कंपनीने जातो तिचं माप बघावं, गाडीवरची जाहिरात नव्हे.

या सगळ्या प्रगतीत एक जागा मात्र जशीच्या तशी राहिली: उतरणं. चढताना गाडी विमानाच्या दारात घेतात. उतरताना ती दारात मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे आधी कोणीच खात्रीने सांगत नाही. युरोप-अमेरिकेत बऱ्याचदा दारात मिळते. आपल्याकडे आणि आखातात अनेकदा पट्ट्यावर. रात्रीच्या तीन वाजता, चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर, झोपलेलं मूल खांद्यावर टाकून इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं, म्हणजे जिथे गाडी सर्वांत जास्त हवी तिथेच ती नाही. आमच्या एका प्रवासात ती पट्ट्यावर आली तेव्हा पुढचं एक चाक वाकडं झालेलं होतं. हे अनेकांच्या बाबतीत घडतं आणि बहुतेक जण कंटाळून घरी जातात. तसं करू नये. भारत २००९ पासून माँट्रियल करारात आहे आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाचं नुकसान झालं तर सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करायचा प्रवाशाला हक्क आहे. विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या काउंटरवर नोंद करून घ्यावी आणि गाडी देतानाचा एक फोटो आपल्याकडे असावा.

सगळीकडे गाडी लागतेच असं नाही, हेही सांगायला हवं. एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुटलं आणि लहान विमानतळांचा नवा काळ सुरू झाला. कोल्हापूर किंवा जळगावला दारापासून विमानापर्यंतची वाट थोडी, एटीआर विमानाचा जिना अरुंद आणि वरचे कप्पे लहान. तिथे झोळी किंवा कडच बरी. पुण्यात मात्र जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, गोव्यात दाबोळीच्या जोडीला २०२३ पासून मोपा आहे आणि नवी मुंबईच्या विमानतळाचं २०२५ मध्ये उद्घाटन झालं. महाराष्ट्र-गोव्यातल्या मुलांच्या वाट्याला आता मोठ्या इमारतींमधलं चालणंच येणार आहे.

गाडी बनवणाऱ्यांनी साठ वर्षांत आपलं काम केलं. पावणेतीन किलोपासून पिशवीएवढ्या घडीपर्यंत त्यांनी मजल मारली. उरलेलं काम विमान कंपन्यांचं आणि विमानतळांचं आहे, आणि त्याला नवा शोध लागत नाही. गाडी दारात परत मिळेल की पट्ट्यावर, हे टॅगवर ठळक छापावं. पट्ट्यावर मिळणार असेल तर उतरणाऱ्यांच्या बाजूला, इमिग्रेशनच्या आधी, विमानतळाच्या चार गाड्या उभ्या ठेवाव्यात. आणि एकट्या आईला तपासणीच्या पट्ट्याशी गाडी मिटायला एक माणूस नेमून द्यावा. व्हीलचेअरसाठी हे सगळं आज होतं, मग बाबागाडीसाठी का होऊ नये?