बटण दाबलें, गाडी उठेना

१९८० नंतरच्या दशकांत कायनेटिक होंडा ही टू-स्ट्रोक स्कूटर निघाली आणि किक न मारतां बटणानें सुरू होणारें वाहन पुष्कळ घरीं आलें. आमच्याही घरीं तशी एक जुनी गाडी आहे. गेल्या पावसाळ्यांत माकणीहून दवाखान्यास निघतांना तिचें बटण दाबलें, तों नुसता 'टक्' असा आवाज! एका कारागिरानें नवी मोटर घालावयास सांगितलें. खर्च महिन्याच्या किराण्याएवढा. अखेर दोष निघाला तो बॅटरीच्या खुंटीवर जमलेल्या पांढऱ्या क्षाराचा.

म्हणून शोधाचा क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम किक मारावी. इंजिन चालू झालें, तर पेट्रोल व ठिणगी ठीक. दोष बटणाच्या मार्गांत आहे. मग बॅटरीच्या खुंट्यांवर दाब मोजावा. स्वस्थ असतां तो सुमारें १२.६ व्होल्ट हवा. बटण दाबतांच १० च्या पुष्कळ खालीं घसरला, तर बॅटरी अशक्त समजावी. दाब टिकून नुसता 'टक्' झाला, तर रिले हलतो, परंतु मोटरीस पुरेसा प्रवाह मिळत नाहीं, किंवा मोटरच अडली आहे. अशा वेळीं खुंट्या, सांगाड्यास जोडलेली अर्थची तार, रिले आणि शेवटीं मोटरीचे कार्बन ब्रश हीं एकेक करून तपासावीं. 'टक्'ही नसेल, तर फ्यूज, बटण व ब्रेकचा स्विच पाहावा. कित्येक गाड्यांत ब्रेक दाबल्यावांचून मोटर फिरतच नाहीं.

तारा सोडतांना ऋण तार आधीं काढावी व जोडतांना शेवटीं लावावी, म्हणजे पान्यानें ठिणगी उडत नाहीं.

दोष कोठें आहे हें ठरल्यावांचून पैसा खर्चूं नये. आमची गाडी पॉलिशपेपरच्या एका तुकड्यानें उठली.