मातेचा संसर्ग आणि अर्भकाचे हृदय

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञांच्या ध्यानात असे आले की, कोविड होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी काही मुले तीव्र ज्वर, अंगावर पुरळ, लाल डोळे आणि दुर्बल झालेले हृदय घेऊन रुग्णालयात दाखल होत आहेत. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली वर्णिलेल्या, रक्तवाहिन्यांचा दाह करणाऱ्या व्याधीशी या विकाराचे बरेच साम्य होते.  नव्या विकाराला 'एमआयएस-सी' हे नाव मिळाले.

मुलाला संसर्ग व्हावा आणि पुढे त्याच्याच प्रतिकारशक्तीचा तोल सुटावा, ही संगती लागण्याजोगी होती. परंतु जन्माला येऊन जेमतेम दोन दिवस झालेल्या, स्वतःला संसर्ग झाल्याचा पुरावा नसलेल्या अर्भकाची तीच अवस्था व्हावी, हे कोडे होते. कोल्हापूरच्या परिसरातील अशा २० नवजातांची हकीकत तेथील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. मातांना गर्भारपणी संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा होत्या आणि बहुतेक बाळांच्या हृदयाला बाधा पोहोचली होती. एरवी मिनिटाला १२० ते १६० ठोके देणारे हृदय मंद पडावे, ठोक्यांची लय बिघडावी, रक्ताच्या गुठळ्या व्हाव्यात, आणि बाळंतिणीने मात्र एवढेच सांगावे की, "बाळ दूध ओढत नाही," असे या विकाराचे रूप असू शकते.

याची उपपत्ती अशी मांडतात की, गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत वारेतून बाळाकडे जाणारी मातेची प्रतिपिंडे, जी एरवी त्याचे रक्षण करतात, तीच क्वचित दाहाला निमित्त होत असावीत. हे अगदीच अघटित नव्हे: ल्यूपससारख्या विकारांत आढळणारी मातेची काही प्रतिपिंडे गर्भाच्या हृदयातील विद्युत्‌वहन खंडित करू शकतात, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. तथापि कोविडच्या बाबतीत ही उपपत्ती अद्याप अनुमानाच्या पायरीवरच आहे, आणि माझ्या मते तिचा आदर करताना हे विसरू नये; कारण साथ गावोगाव फिरून गेल्यावर, आणि लसीकरणानंतर, बहुसंख्य बाळांच्या रक्तात मातेची प्रतिपिंडे सापडणारच, तेव्हा केवळ त्यांच्या दाखल्यावर निदान मुकरर करणे म्हणजे पंचनाम्याआधीच निकाल देणे होय. जंतुसंसर्ग, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, हृदयाचे जन्मजात व्यंग या साऱ्यांची लक्षणे पुष्कळदा अशीच असू शकतात. त्यांची खातरजमा करून, हृदयाची सोनोग्राफी (इको) काढून, सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर या रक्तचाचण्यांचे आकडे पाहूनच डॉक्टर स्टिरॉइड अथवा शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा विचार करतात. जंतुसंसर्ग असताना स्टिरॉइड दिल्यास अपाय होऊ शकतो.

मातांनी धास्तावून जावे, असे मात्र यात काही नाही. हा विकार दुर्मिळ आहे; स्तनपान थांबवण्याचे कारण नाही; आणि भारतात जुलै २०२१ पासून गर्भवतींना खुली झालेली लस बाळालाही पहिले काही महिने संरक्षण देते. गर्भारपणी कोविड झाला असेल तर त्याची तारीख तपासणीच्या कार्डावर लिहून घ्यावी, प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घालावी, आणि तान्हे बाळ दूध ओढेनासे झाले, धापा टाकू लागले किंवा मलूल पडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.