माहीत असूनही गप्प

वर्ग शांत असला की आपल्याला बरे वाटते. मुख्याध्यापक फेरीवर आले, तर शांत वर्गाचे कौतुकच होते. पण शांतता एकाच प्रकारची नसते. मुले विचारात गुंतलेली असतात तेव्हा वर्ग शांत असतो. प्रश्न कळला नाही म्हणूनही तो शांत असतो. आणि तिसरी शांतता असते ती उत्तर माहीत असूनही न बोलणाऱ्याची. ही तिसरी शांतता ओळखायला सर्वांत अवघड, कारण कधी कधी ती गोंगाटातही लपलेली असते.

याचे एक उदाहरण आम्हाला प्रकाशाला बघायला मिळाले. शहादे तालुक्यातले हे गाव तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेले आहे. केदारेश्वराच्या देवळामुळे लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. इथल्या वर्गात एकाच बाकावर घरी अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी अशा वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुले बसलेली असतात.

डिसेंबरचे दिवस होते. सातवीच्या मुलांना आम्ही विचारले, "भर दुपारी आपली सावली केवढी असते?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "राहतच नाही, सर! सूर्य डोक्यावर येतो." मागच्या ओळीतली एक मुलगी मात्र बोलली नाही. तिने मान किंचित हलवली आणि शेजारणीकडे बघून खाली घातली.

वाद न घालता आम्ही सगळे मैदानावर गेलो. एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवत गेलो. साडेबाराच्या सुमारास सावली सर्वांत आखूड झाली. तेव्हा ती मोजली, तर भरली जवळजवळ एक मीटर! काठीएवढीच सावली. मुले चक्रावली. ती मुलगी मात्र चक्रावली नव्हती. कापूस वेचायला आईबरोबर ती शेतात जात असे आणि दुपारची भाकरी दोघी बांधावरच्या झाडाच्या सावलीत खात. ती सावली खोडापासून बरीच सरकलेली असते, हे तिने रोज पाहिले होते. "मग वर्गात का नाही सांगितलंस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "सगळेच नाही म्हणत होते ना. मग मी कशाला बोलू?"

आधी सावलीचे बघू. प्रकाशाचे अक्षांश सुमारे २१.५ अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य २३.५ अंश दक्षिणेला, म्हणजे मकरवृत्तावर असतो. दोन्हींची बेरीज ४५ अंश. म्हणजे भर दुपारीही सूर्य डोक्यावरून ४५ अंश दक्षिणेकडे कललेला असतो. ४५ अंशांच्या कोनात काठी आणि सावली सारख्याच लांबीच्या असणार. सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून फक्त दोन दिवस, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर. त्यातला पहिला दिवस उन्हाळी सुट्टीत जातो, दुसरा बहुधा ढगांत. शिवाय आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतात आणि प्रकाशा त्याच्या आठेक अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर इथली खरी दुपार साधारण साडेबाराला होते. तेव्हा 'बारा वाजता सावली नाहीशी होते' हे वाक्य वर्षातल्या बहुतेक सर्व दिवशी चुकीचेच ठरते.

मग डोळ्यांनी पाहिलेले माणूस बोलत का नाही? सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली अमेरिकेत केलेले प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहेत. एका गटाला एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते एकेकाने मोठ्याने सांगायचे. गटातला एकच जण खरा परीक्षार्थी. बाकीच्यांना चुकीचे उत्तर द्यायला आधीच शिकवून ठेवलेले. एकट्याने उत्तर देताना क्वचितच कोणी चुके, इतका प्रश्न सोपा होता. पण इतर सर्वांचे एकच चुकीचे उत्तर ऐकल्यावर परीक्षार्थींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बाजूला गेली. सुमारे एक चतुर्थांश माणसे मात्र एकदाही ढळली नाहीत.

आपल्या कामाचा भाग याच्या पुढचा आहे. अ‍ॅशने गटात बरोबर उत्तर देणारा आणखी एकच माणूस बसवला, तेव्हा चुकांचे प्रमाण एकदम खाली आले. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले, तेव्हाही ते बरेच घटले. म्हणजे बोलणे ही केवळ धीट स्वभावाची गोष्ट नाही. माणसाला आपण कोणत्या परिस्थितीत बसवतो यावरही ते अवलंबून असते.

प्रकाशाच्या परिसराला हे नवीन नाही. १९७०च्या दशकात शहादे भागातल्या आदिवासींनी सावकार आणि बड्या जमीनदारांकडे गेलेल्या जमिनींचा व सालदारांच्या मजुरीचा प्रश्न उघडपणे मांडला. अंबरसिंग सुरतवंती हे या चळवळीतले मोठे नाव. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. या चळवळीत स्त्रियांची शिबिरे झाली. घरातली दारू आणि मारहाण यांबद्दल एक बोलू लागली की दुसरीला कंठ फुटे. त्यातूनच पुढे बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. तोवर त्या गप्प होत्या, पण त्यांना काही माहीत नव्हते असे कोण म्हणेल? आपण एकट्या नाही हे कळायला एक जागा हवी होती.

वर्गात अशी जागा तयार करायला खर्च येत नाही. प्रश्न विचारल्यावर लगेच हात वर करायला न सांगता प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहू द्यावा. मग शेजाऱ्याशी बोलू द्यावे. कोणाचे उत्तर वेगळे असेल तर त्याला पहिला साथीदार तिथेच मिळतो. आपण स्वतःही थोडे थांबावे. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून पाहिले, तर शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली, एरवी न बोलणारी मुले बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढले. ज्या मुलाला घरच्या भाषेतला विचार पुस्तकी मराठीत आणायचा असतो, त्याला तर हे जादा सेकंद फारच मोलाचे. त्याने 'मला'ऐवजी 'माले' म्हटले, तर आधी उत्तर ऐकावे. शब्द नंतरही दुरुस्त करता येतो.

आणि शेवटचा निकाल बहुमताने किंवा शिक्षकाने न देता शक्य तिथे काठीने, तराजूने, थर्मामीटरने द्यावा. चाळीस जणांनी नाही म्हटले तरी डिसेंबरातली सावली आखूड होत नाही. हे ज्या मुलाने एकदा स्वतः मोजून पाहिले, त्याला पुढे एखाद्या सभेत, कर्जाच्या हिशेबापुढे किंवा रेशनच्या दुकानात 'थांबा, हे मोजून बघू' म्हणणे थोडे सोपे जाईल.